वेलीला कळलेलं सुतक

वैशाखाचं ऊन माळावर उतरलं, की माळ पांढरा होई. दगड पांढरे, वाटा पांढऱ्या, ओढ्याचा कोरडा तळ पांढरा. आभाळसुद्धा निळेपण धुऊन गेलेल्या जुन्या धोतरासारखं पांढरं. त्या पेटलेल्या, पाणी हरवलेल्या विस्ताराच्या मधोमध एकच हिरवा चौकोन होता. तो पानमळा होता.

लांबून पाहावं, तर उन्हात कुणीतरी विसरलेली लुगड्याची हिरवी घडी. जवळ जावं, तर चारी अंगांनी कडब्याच्या उंच ताट्या आणि त्यांत एक बुटका झापा. वाकल्याशिवाय त्या दारातून आत जाता येत नसे. आणि अनवाणी झाल्याशिवाय तर नाहीच.

आत ऋतू वेगळा. शेवरीची सडपातळ झाडं ओळीनं उभी, आणि झाडाझाडाला बिलगून चढलेली पानवेल. पानावर पान, सावलीवर सावली, आणि त्या सावल्यांच्या बुडाशी पाटाचं संथ, काळसर पाणी. उजेड आत यायचा तोच हिरवा होऊन. माणसाचे हातही तिथं हिरवट दिसत, दातही हिरवट दिसत, आणि डोळ्यांत पाणी आलं तर तेही.

पानवेल सोवळी. तिला पायातलं चामडं चालत नाही. तिला विटाळ चालत नाही. आणि ज्याचं माणूस गेलं, ज्याला सुतक आलं, त्यानं सुतक फिटेपर्यंत झाप्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. सुतकी हात लागला की वेल मान टाकते, असं त्या भागातले मळेकरी बापाकडून ऐकत आले आणि मुलांना सांगत गेले.

बाकीचे गडी मुळात अनवाणीच; त्या झाप्याशी रोज वहाणांचे दोनच जोड शेजारी शेजारी उतरलेले असत. एक रुंद, करकरणारा, तो दौलूचा. एक अरुंद, टाचेशी झिजलेला; तो तातोबाचा.

मळा दौलूचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, बाळासोचा. तातोबा गडी. पण मिशी फुटायच्या आधीपासूनचा गडी. त्यामुळं मालक कोण आणि गडी कोण, हे वेलींना कधी कळलं नसावं.

वेल बांधायचं काम दोघांचं असतं. एकानं शिडीवर चढायचं, एकानं खाली उभं राहून लव्हाळ्याच्या ओल्या काड्या वर द्यायच्या. वरच्यानं खाली न बघता हात खाली करायचा. खालच्यानं न बोलता त्या हातात काडी ठेवायची. वर दौलू, खाली तातोबा. हात खाली यायचा, काडी वर जायची. हात खाली यायचा, काडी वर जायची. पावसाळे गेले, उन्हाळे गेले, दोघांच्या कानांवरचे केस पिकले. दोन हातांमधल्या त्या वीतभर जागेत दोन माणसांचं आयुष्य मावलं.

काडी घेताना दौलूची बोटं हवी त्याहून थोडी जास्त थांबत. तेवढंच. तेवढ्यावर तातोबाचा दिवस उभा राही.

पान खुडणारा माणूस अंगठ्यात लोखंडी नखी घालतो. तिची धार पानाचा देठ अलगद तोडते, आणि माणसाची कातडीही तितक्याच अलगद. दुपारी बाकीचे गडी चिंचेखाली भाकरी सोडायला गेले, की सर्वांत आतल्या, सर्वांत दाट ओळीत दौलू अंगठ्यातली नखी काढून पाटाच्या कडेला ठेवी. लोखंड उतरलेला तो उघडा, पानाच्या रसानं काळवंडलेला अंगठा तातोबाच्या कपाळावरून फिरे. कपाळावर एक आठी होती, ती पुसायचा तो प्रयत्न करी. ती कधी पुसली गेली नाही.

त्यापलीकडे जे होतं ते पानांनी झाकलं, आणि पानांनी ते कुणाला सांगितलं नाही.

तातोबाच्या कपाळावरची ती आठी जुनी होती. वयात येताना त्याला आपलं वेगळेपण कळलं, तेव्हाच ती पडली. आईनं त्याला देवरुष्याकडं नेलं होतं. "पोराचं मन कुठंच लागंना. पोरीबाळींकडं बघंना. काय शिरलंय बघा," असं ती पदर पसरून म्हणाली होती. देवरुष्यानं धुरी दिली, लिंबू कापलं, वेताच्या छडीनं पाठ सोलली. पाठीवरचे वळ गेले. आतलं गेलं नाही. मग तातोबा स्वतःच स्वतःचा देवरुषी झाला. विहिरीवर खरबरीत दगडानं अंग घासघासून लाल करू लागला. सोमवार धरले, शनिवार धरले, पाण्यावर दिवस काढले. आपण विटाळ आहोत, चालता-बोलता विटाळ, अशी त्याची समजूत झाली. आणि असा माणूस त्या सोवळ्या वेलीत रोज शिरत होता, रोज तिला हात लावत होता, तरी वेल हिरवीगार राहत होती. याचंच त्याला नवल वाटे. कधी भीतीही वाटे.

दौलूचं लग्न झालं, तेव्हा लग्नाच्या विड्याची पानं तातोबानंच खुडली. कोवळी, सायीसारखी, एका मापाची. विडाही त्यानंच वळला. नवरानवरीनं तो विडा दातांत धरून दोन टोकांनी तोडला, मांडव खिदळला, आणि तातोबा पंगतीत पाणी वाढत राहिला. नवरीचं नाव हौसा. पुढं ती गावाची हौसाक्का झाली.

तातोबानं लग्न केलं नाही. गडी चेष्टा करत. "तात्या, तुझं बरं हाय बाबा! तुझं लगीन वेलीसंगं लागलंय. सासू न्हाई, सासरा न्हाई, सण न्हाई, वार न्हाई. नुसती हिरवीगार बायकू!" सगळे हसत. तातोबाही हसे. आडोसा म्हणून हसण्याइतकी चांगली ताटी त्याला दुसरी सापडली नव्हती.

एकदाच तो दौलूला म्हणाला होता, "आपल्यासारख्याचा जल्म म्हंजी फुकटच की रं. ना मूळ, ना बाळ."

दौलू शिडीवर होता. वरूनच त्यानं विचारलं, "पानवेलीला फूल येतंय का?"

"न्हाई."

"फळ धरतंय का?"

"न्हाई."

"मग हिच्यावाचून कुणाचं लगीन लागतंय का, सांग की लगा!"

आणि वरून, हिरव्या अंधारातून, त्याचं ते घागर हिंदकळल्यासारखं हसू खाली सांडलं. हात खाली आला. तातोबानं काडी ठेवली. पण त्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. दौलू मालक होता, घरसंसाराचा होता, हसणारा होता. त्याला बोलायला काय जातं, असं तातोबाला वाटलं.

आणि मग ती सकाळ आली.

ऊन अजून ताट्यांच्या वर आलं नव्हतं. दौलू शिडीवर होता, नव्या फुटीला शेवरीशी जखडत होता. हात खाली आला. तातोबानं काडी पुढं केली. बोटांनी काडी धरली नाही. बोटं तशीच उघडी राहिली, थरथरली, आणि मग वरून सगळा दौलू आला. छातीत उठलेली कळ तोंडातून शब्द निघू देत नव्हती. पडता पडता त्यानं वेल धरली. वेल ताणली गेली, मुळापर्यंत हादरली, आणि तुटली नाही. माणूस मात्र तुटला. पाटाच्या ओल्या मातीत तो पडला, तेव्हा त्याच्या मुठीत तीन पानं होती आणि डोळ्यांत ताट्यांवरचं पांढरं आभाळ.

त्याला उचलून बाहेर नेलं तो अनवाणीच. वहाणा झाप्याशी राहिल्या.

दारात तिरडी बांधली गेली. हौसाक्कानं टाहो फोडला. तिच्या भोवती बायांनी कडं केलं, तिला धरलं, तिच्या पाठीवरून हात फिरवले. बाळासो खांबाला डोकं लावून रडला. त्याच्या खांद्यावर माणसांचे हात पडले. रडायलाही नातं लागतं. तातोबा लाकडं फोडत होता. कुणीतरी लाकडं फोडायला हवीच असतात. कुऱ्हाड वर जायची, खाली यायची. वर जायची, खाली यायची. आणि त्या आवाजाखाली त्याच्या घशातला आवाज झाकून जात होता.

नदीवरून अंघोळ करून परतताना बाळासोनं त्याला हाक मारली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "तात्या, आमाला समद्यांला सुतक. आमाला मळ्यात पाय टाकता यायचा न्हाई. तुला काय सुतक न्हाई. मळा आता तूच बघ."

तुला काय सुतक नाही. बाळासो हे विश्वासानं बोलला, मायेनंही. तातोबानं मान हलवली.

दुसऱ्या सकाळी तो झाप्याशी आला. रुंद वहाणा तिथंच होत्या, काल उतरवल्या तशाच, किंचित आत वळलेल्या. त्यांच्या शेजारी त्यानं आपल्या काढल्या. क्षणभर पाय अडला. आतलं काहीतरी म्हणालं, जाऊ नकोस, तुला सुतक आहे. आणि आयुष्यभराची सवय म्हणाली, तू कोण? तो वाकला आणि आत गेला.

शिडी तशीच होती. दौलूचं बांधकाम जिथं अर्धवट सुटलं होतं, तिथं लव्हाळ्याचं एक टोक लोंबत होतं. आज तातोबा शिडीवर चढला. खाली कुणी नव्हतं. त्यानं ती गाठ पुरी केली. शेजारच्या दोन वेलीही बांधल्या, पानं पुसली, फुटी सावरल्या. सबंध वेळ त्याचे डोळे कोरडे होते. काडी संपली की त्याचा हात आपोआप खाली जाई आणि रिकामा वर येई.

पुढचे दिवस तो नुसतं पाटाचं पाणी फिरवत राहिला. आणि त्या ओळीतल्या वेलींनी मान टाकली.

आधी दौलूनं धरलेल्या वेलीची पानं मलूल झाली, मग पिवळी, मग देठाकडून काळी. ती मुळात हादरली होती, हे तातोबाला ठाऊक होतं. पण मग शेजारच्या दोन्ही वेली खाली लोळू लागल्या, ज्यांना दौलूचा हात त्या दिवशी लागलाच नव्हता. त्यांना हात लागला होता तो तातोबाचा. बाकी मळा हिरवा. फक्त त्या तीन वेली, भर हिरव्यात तीन काळे पदर. पाटाचं पाणी तिथवर पोचलं नसेल. ताटीच्या फटीतून झळ लागली असेल. असंही असेल. पण मळ्यातला कुणी तसं म्हणाला नाही.

बातमी बाहेर गेली. बाळासो आला आणि झाप्याबाहेर उभा राहिला. सुतकात आत येणं त्याला चालणार नव्हतं. हौसाक्काही आली, पांढऱ्या कपाळाची, दगडासारखी. गडी जमले. विटाळ कुणी आत आणला, हे शोधायचं होतं. आणि असा शोध नेहमी जिथं जातो तिथंच तो गेला. पानांच्या पाट्या वाहणाऱ्या तानूबाईकडं.

तानूबाई नवऱ्यामागं लेकरं पोसणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाळासो तिच्यावर ओरडला, "खरं बोल! इटाळाची कडंला बसायची व्हतीस आन आत शिरलीस का न्हाई?"

"न्हाई वो, मालक. माझ्या लेकराच्या गळ्याची आन!"

"लेकराला कशाला मधी आणतीस? दादाची वेल जाळलीस तू. दादाची! उद्यापासनं हितं दिसायचं न्हाई."

"मी कुटं जाऊ, मालक? कुणाच्या बांधाला जाऊ?"

ती उन्हात, पांढऱ्या धुळीत, खालीच बसली. गड्यांनी नजरा फिरवल्या. एक पाटी कलंडून पानं धुळीत पसरली, ती कुणी उचलली नाहीत.

तातोबा झाप्याच्या आत, हिरव्या उजेडात उभा होता. त्याला बोलायला वाट होती. दौलूनं पडताना वेल धरली, मूळ हादरलं, असं म्हटलं असतं तर एका वेलीचं तरी कारण लागलं असतं. उरलेल्या दोघींचं झळीवर घालता आलं असतं. तानूबाई सुटली असती, मळा राहिला असता, तो गडी राहिला असता, आणि दुपारी चेष्टाही राहिली असती. वाक्य ओठावर आलं होतं.

त्यानं मागं वळून त्या तीन काळ्या वेलींकडं पाहिलं.

आणि त्याच्या आत, एवढ्या वर्षांच्या थिजलेल्या पाण्याच्या तळाशी, काहीतरी हललं. इतकी वर्षं तो या मळ्यात वावरला. इतकी वर्षं हा हात, हाच हात, पापी म्हणून घासून काढलेला हात, या सोवळ्या वेलीला लागत राहिला. ती एकदा कोमेजली नाही. मग तो विटाळ नव्हता. मग ते पाप नव्हतं. वेलीनं कधीच तसं मानलं नव्हतं. आणि आज, दौलू गेल्यावर, त्याच हातानं ती जळली. कारण आज त्या हाताला सुतक होतं. गावाला कळलं नाही, भावाला कळलं नाही, त्याचं त्यालाही धड कळलं नाही. ते एका मुक्या, बिनफुलाच्या, बिनफळाच्या वेलीला कळलं. तिनं त्याला दौलूचं माणूस म्हणून ओळखलं होतं.

तो वाकून झाप्याबाहेर आला. ऊन तोंडावर थपडेसारखं बसलं.

"तानूबाईला बोलू नगा," तो म्हणाला. "वेल माझ्यानं गेली. मला सुतक हाय."

बाळासोला उमगलं नाही. "तुझ्या घरात कोण गेलं? कवा?"

"दौलू गेला."

"आरं, दादा आमचा गेला. तुला कसलं सुतक? तू त्याचा कोण?"

गावात त्या नात्याला नाव नव्हतं. होत्या त्या शिव्या. तातोबानं त्या सगळ्या ऐकल्या होत्या, काही स्वतःला दिल्याही होत्या. त्यांतली एकही दौलूच्या शेजारी ठेवण्याजोगी नव्हती. त्यानं नाव शोधणं सोडून दिलं. हौसाक्काकडं पाहिलं, मग मान खाली घातली, मग पुन्हा वर केली.

"हौसाक्काला जेवढं हाय, तेवढंच मलापण हाय."

मग एक गडी फिसकन हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. आणि बाळासोच्या चेहऱ्यावर समजूत हळूहळू चढत गेली, धूर चढावा तशी. त्यानं पायातलं पायताण काढून तातोबाच्या तोंडावर मारलं.

"मेलेल्या माणसाला बाटवतोस? दादाला? निघ! निघ हितनं!"

तातोबानं गाल पुसला नाही. तो मळ्यापासून थोडा दूर, पाटाच्या बांधावर जाऊन बसला. सुतकी माणूस बसतो तसा. गुडघे पोटाशी घेऊन, डोक्याचं पटकूर सोडून, उघड्या डोक्यानं. आणि मग तो रडला. उन्हात रडला, उघड्यावर रडला, आवाज करून रडला. रस्त्यानं बैलगाडी गेली, तिच्यातली माणसं बघत राहिली, तरी रडला. एवढ्या वर्षांत त्यानं मोठ्यानं केलेली ही पहिली गोष्ट होती.

सुतकाचे दिवस तो तिथंच बसून राहिला. सकाळ पांढरी व्हायची, दुपार पेटायची, संध्याकाळ राखेची व्हायची. गाव येता-जाता बघून जाई. कुणी थुंकलं. कुणी दुरून दगड भिरकावला. चहाच्या टपरीवर त्याची कपबशी वेगळी काढून ठेवली गेली. ज्याच्या परड्यात तो राहत होता त्या पुतण्यानं निरोप धाडला, परड्यातली खोली मोकळी कर, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तातोबानं निरोप ऐकून घेतला. दुःख होतंच, ते कमी झालं नाही, थोडंसुद्धा नाही. पण त्याचं टोक आता स्वतःकडं वळलेलं नव्हतं.

पाटात वाकून तो पाणी पिई, तेव्हा पाण्यात त्याचा चेहरा दिसे. खुरटी दाढी, सुजलेला गाल, खोल गेलेले डोळे. पूर्वी असा चेहरा दिसला की तो पाणी ढवळून टाकी. आता तो ओंजळ बाजूनं घेई. चेहरा राहू देई.

एका दुपारी बांधावर सावली पडली. हौसाक्का उभी होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं, सोडलं. पिठलं, भाकरी, आणि वर कडुलिंबाची दोन पानं. कडू घास. मढ्यामागं पहिल्या दिवशी शेजारपाजारचे सुतकाच्या घरी आणतात तो.

"त्या दिशी तुझ्याकडं कुणी आणला नसंल," ती म्हणाली.

तातोबानं भाकरीवरची कडुलिंबाची पानं हातात घेतली.

"मी तुला माफ केलं आसं समजू नगंस. माझं जे गेलं ते गेलं." ती माळाकडं बघत बोलत होती. "मला ठावं व्हतं. बाजंवर निजला, की झोपंत त्याचा हात खाली लोंबायचा. तळवा उघडा. काडी मागायचा. लगीन झालं त्याच वर्साला एकदा मी माझा हात ठिवला त्यात." ती थांबली. "झोपंतच सोडला त्यानं."

दूर कुठं तरी होला घुमत होता, पुन्हा पुन्हा तेच, पुन्हा पुन्हा तेच.

"खा," ती म्हणाली. "कडू हाय. पर खा."

तो खाऊ लागला. ती उभी राहून बघत राहिली, आणि घास संपल्यावर रिकामं फडकं झटकून, त्याच्याकडं न पाहता निघून गेली.

सुतक फिटलं. घरच्यांनी नदीवर अंघोळी केल्या, अंगणात सडे पडले, बाळासो नवं धोतर नेसून मळ्याकडं आला. तातोबानंही पाटात बुडी मारली, ओलं धोतर पिळून पुन्हा नेसलं, आणि झाप्याशी येऊन उभा राहिला. जुन्या सवयीनं त्यानं वहाणा काढल्या. दौलूच्या वहाणा अजून तिथंच होत्या, धुळीनं भरलेल्या. त्यांच्या शेजारी त्याच्या.

बाळासोनं झाप्यावर हात आडवा धरला.

"माझंबी फिटलं, बाळासो," तातोबा म्हणाला.

"तुझं न्हाई फिटायचं. ज्या सुतकाला नाव न्हाई, ते फिटंल कसं? ह्या मळ्यात तुझं पाऊल परत न्हाई. जित्या जल्मी न्हाई."

ताट्यांच्या फटीतून आतला हिरवा उजेड दिसत होता. पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी नवखा शिडीवर होता आणि खालच्याला ओरडून काडी मागत होता. अजून त्यांना न बोलता द्यायला-घ्यायला यायचं होतं. तातोबानं ते ऐकलं. या हिरव्या घराबाहेर त्याला घर नव्हतं, काम नव्हतं, सावली नव्हती, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात जे मिळालं होतं ते हातात धरून दाखवता येण्याजोगं नव्हतं. त्यानं बाळासोला विनवलं नाही. मी बोललो ते खोटं, असंही तो म्हणाला नाही. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित झापा उघडला असता.

तो वाकला. आपल्या अरुंद, टाच झिजलेल्या वहाणा त्यानं हातानं नीट जुळवल्या, त्यांची तोंडं मळ्याकडं केली. आणि मग दौलूच्या रुंद वहाणांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांत आपले पाय घातले.

"ए! दादाचं पायताण हाय ते!" बाळासो पुढं धावला.

"घालू दे," मागून आवाज आला. हौसाक्का बांधावर उभी होती. "त्याला घालू दे, भावजी."

बाळासोचा हात हवेतच राहिला.

वहाणा मोठ्या होत्या. पाय आत सरकत होता. दौलूच्या टाचेनं, दौलूच्या अंगठ्यानं चामड्यात पाडलेल्या खळग्यांत तातोबाची टाच, तातोबाचा अंगठा हळूहळू बसत गेला. त्यानं एक पाऊल टाकलं. वहाण करकरली. दुसरं टाकलं. तीच करकर, इतकी वर्षं त्याच्या पुढं चालत आलेली. आता ती त्याच्याच पायाखालून येत होती.

तो माळावर निघाला. पांढरी वाट, पांढरे दगड, पांढरं आभाळ, आणि त्या अफाट पांढऱ्यावर एक वाळत चाललेलं ओलं धोतर, एक उघडं डोकं. कपाळावरची आठी तिथंच होती. करकर लांब गेली, बारीक झाली, उन्हात विरून गेली.

मागं, झाप्याशी, वहाणांचा एकच जोड राहिला. अरुंद, टाचेशी झिजलेला, तोंड मळ्याकडं केलेला. आत कुणीतरी अजून वेल बांधतंय, आणि संध्याकाळी बाहेर यायचंय, असा.